खडीचा थर वाढवून काळी माती ऐकत नाही

पॅकहाऊसच्या (शेतमाल निवडून पॅक करायच्या जागेच्या) कच्च्या रस्त्यावर खडीचा थर जाड टाकला की कंटेनर आरामात जातो असं काही जण म्हणतात, मुरमाच्या जमिनीवर ते बरोबर आहे, पण नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीकडच्या काळ्या मातीत नुसती जाडी वाढवून पैसे मातीत जातात, अक्षरशः. पावसाळ्यात ती माती फुगून मऊ होते, वरून लोड आला की खडी खाली दबते आणि चिखल फटींतून वर येतो, मग दरवर्षी नवीन ट्रिपा टाकत बसा.

आमच्याकडे पॅकहाऊसच्या रस्त्याला आधी वरची माती काढली, मग जिओटेक्सटाईल (पाणी झिरपू देणारं सिंथेटिक) कापड अंथरलं आणि त्यावर मोठी खडी, वर बारीक खडी-मुरूम, प्रत्येक थर साधारण 15 सेंटिमीटरचा, पाणी मारून व्हायब्रेटर रोलरने दाबलेला. कापडामुळे माती आणि खडी मिसळत नाही, पाणी मात्र निघून जातं. खडी क्रशरचीच घ्या, नदीतले गोटे गोल असतात, चाकाखाली सरकतात. आणि मधोमध उंचवटा ठेवून मीटरला 3-4 सेंटिमीटर उतार द्या, दोन्हीकडे चारी काढा, लोक नेमका हाच खर्च वाचवतात. गेटजवळ जिथे कंटेनर वळतो तिथे खडी कितीही दाबा उखडतेच, तेवढा तुकडा सरळ काँक्रीट करून टाका.