मदत हवी आहे: मुलाच्या एडीएचडीचं औषध नक्की कोण लिहून देतं? (देवगड)

मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा. वर्गात पाच मिनिटं एका जागी टिकत नाही, डबा-वह्या कुठे ना कुठे विसरतो. घरीही तेच. सासूबाई म्हणतात, "ह्याचो बापूस असोच होतो." कोल्हापूरच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी चाचण्या करून एडीएचडीचा रिपोर्ट दिला. औषधाचा विचार करा म्हणाल्या, पण चिठ्ठी त्या देऊ शकत नाहीत. आमचे नेहमीचे डॉक्टर "हे माझं काम नव्हे" म्हणून मोकळे. मुंबईच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर दाखवून औषध मिळेल का? आणि या वयात औषध द्यावं का? आंब्याचा सीझन सुरू झाला की नवऱ्याला बागेतून हलता येत नाही, म्हणून आत्ताच विचारतेय.

प्रतिसाद (मेडिकलवाला, रत्नागिरी)
व्हिडिओ कॉलचं डोक्यातून काढा. एडीएचडीचं नेहमीचं औषध मिथाइलफेनिडेट, ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे त्या यादीतलं काहीही फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून लिहून देता येत नाही. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक आम्ही दोन वर्षं ठेवतो. विकायला वेगळा परवाना लागतो आणि तो सगळ्या दुकानांकडे नसतो, त्यामुळे कुठे मिळेल ते डॉक्टरांनाच विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवर देत नाही म्हणून लोक आमच्याशी भांडतात, असो. अ‍ॅटोमॉक्सेटीन या दुसऱ्या औषधाचं मात्र तसं नाही, ते साध्या चिठ्ठीवर मिळतं. पण त्याचा गुण यायला काही आठवडे जातात.

प्रतिसाद (कुडाळ)
ताई, आमची मुलगी या सगळ्यातून गेलीय. मानसशास्त्रज्ञ निदानाला मदत करतात, औषध मानसोपचारतज्ज्ञ लिहितात. मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ मिळाले तर उत्तम, नाहीतर मुलांच्या विकासाचं वेगळं शिक्षण घेतलेले बालरोगतज्ज्ञ. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाला लोक उगाच बिचकतात, तिथे चौकशी करा. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातही विचारा. आधी नुसतं कुठे जायचं एवढंच विचारायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

औषध कधी, तर सहाच्या आत सहसा नाही, तिथे आधी आईबाबांचं प्रशिक्षण. तुमचा आठचा आहे, म्हणजे देता येतं. पण लक्षणं किमान सहा महिने हवीत, घरी आणि शाळेत दोन्हीकडे हवीत आणि त्यांच्यामुळे मुलाचं खरंच अडत असलं पाहिजे. शाळेतल्या बाईंकडून दोन ओळी लिहून घ्या, फार उपयोग होतो. कान आणि डोळे तपासून घ्या, झोप कशी आहे तेही सांगा. सुरू करण्याआधी वजन, उंची, नाडी, रक्तदाब बघतात. आमच्या मुलीची भूक गेली होती, मग गोळी नाश्त्यानंतर द्यायला लागलो. घडी बसली की पुढची देखरेख तुमचे नेहमीचे डॉक्टर करतील का, तेही विचारून ठेवा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. म्हणजे सीझनच्या आधी एक फेरी प्रत्यक्षच मारावी लागणार. एक राहिलं: माझे दीर तरुणपणीच हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. मुलाला तसा काही त्रास नाही. हे सांगायला हवं का?

प्रतिसाद (कुडाळ)
हो! सगळ्यात आधी हेच सांगा. त्यावरूनच ते ईसीजी किंवा हृदयरोगतज्ज्ञांचं मत आधी घ्यायचं का ते ठरवतील. आणि त्याला कधी खेळताना चक्कर आली असेल, छातीत दुखलं असेल तर तेही.