रेंडर लावला की दहा मिनिटांत स्क्रीन काळी, ग्राफिक्स कार्ड गेलंच समजू का?

रंगपेटी_इंदूर
नमस्कार, इंदूरहून लिहितेय, घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, पणजोबांच्या वेळचा वाडा आहे. आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष, सबमिशन बारा दिवसांवर, म्हणून घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. कार्ड जीटीएक्स १६६० सुपर आहे ६ जीबीचं, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेलं. प्रोसेसर आय५ १०४००एफ, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ४५० वॅटचा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (मॉडेलवरून पक्कं चित्र काढणं) लावला की आठ-दहा मिनिटं छान चालतं आणि मग एकदम स्क्रीन काळी, कार्डाचे पंखे फुल स्पीडला सुटतात, पण मागे गाणं लावलेलं असलं तर ते चालूच राहतं. बटण दाबून बंद करायचं, पाच-दहा मिनिटांनी चालू केलं की परत सगळं ठीक. ऑटोकॅड, व्हिडिओ, यात काही त्रास नाही.

डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर साफ करून नवा टाकला, फरक नाही. एका रिपेअरवाल्याने पाच मिनिटं बघून सांगितलं चिप गेली, रीबॉलिंग (चिपखालचं सोल्डर नव्याने घालणं) करावं लागेल, ६५०० रुपये आणि गॅरंटी नाही. नवं कार्ड या महिन्यात घरी मागणं मला शक्यच नाही. मदरबोर्डाच्या एचडीएमआयला केबल लावून पाहिली तर तिथेही काही दिसत नाही, म्हणजे बोर्डपण गेला का?

आणि एक, याचा संबंध आहे की नाही माहीत नाही, पण अनवाणी असताना कॅबिनेटला मागून हात लागला की झिणझिण्या येतात. घरात सगळ्यांना सवय झालीये त्याची.

लष्कर_बेंच
ताई, ग्वाल्हेरला लष्करात माझं छोटं रिपेअरचं बेंच आहे, १४ वर्षं हेच करतोय. तू सगळ्यात शेवटी लिहिलंस ते मी सगळ्यात आधी धरतो. झिणझिण्या येतात म्हणजे तुमच्या प्लगच्या तिसऱ्या पिनला अर्थिंग नाहीये. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात, अर्थ असला की ती गळती जमिनीत जाते, नसला की कॅबिनेटच्या पत्र्यावर २३० च्या जवळपास निम्मे व्होल्ट येऊन बसतात. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण मशीन चालू ठेवून एचडीएमआय काढ-घाल केली तर तेवढ्यात पोर्ट उडतो, अशी कार्डं माझ्याकडे दर महिन्याला येतात. तेव्हा अर्थिंग होईपर्यंत कुठलीही केबल काढायची असेल तर आधी प्लग भिंतीतून काढायचा. स्विच बंद करून भागत नाही, जुन्या वायरिंगमध्ये स्विच कधीकधी न्यूट्रलवर असतो.

बोर्डाची काळजी सोड. १०४००एफ मधला एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नाही, त्या पोर्टवर काही दिसणारच नाही.

आता कार्ड. गाणं चालू राहतं ही चांगली खूण आहे. एसएमपीएसने हात टेकले असते तर सगळं मशीन बंद पडलं असतं. इथे फक्त कार्ड बंद पडतंय, आणि थंड झालं की परत येतंय. कार्डावरची मेमरी गेली असती तर रंगीत चौकोन, रेघा, ठिपके दिसले असते, बहुतेक वेळा चालू करतानाच. तू त्यातलं काही लिहिलं नाहीस. मला दोन गोष्टी सांग. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाक, रेंडर लाव आणि जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) टेंपरेचर व हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात गरम भाग) दोन्ही आकडे बघ. आणि कार्डाच्या वरच्या ८ पिनच्या सॉकेटात वायर कुठून आलीये ते सांग, सरळ एसएमपीएसमधून की मध्ये कन्व्हर्टर आहे?

रंगपेटी_इंदूर
दादा, खूप आभार, इतकं कोणी समजावलंच नव्हतं. खोलीत आत्ता ३८ डिग्री आहे. रेंडर लावल्यावर सातव्या मिनिटाला जीपीयू ८४, हॉटस्पॉट १०७, मग काळी झाली. आणि कन्व्हर्टर आहे, एसएमपीएसला ८ पिन नव्हतीच म्हणून विकणाऱ्याने दोन साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) चपट्या वायरी जोडून ८ पिन करणारी एक वायर दिली होती. तिचं एक टोक जरा तपकिरी दिसतंय.

छप्पन_पॅलेट
माझ्या मित्राचं कार्ड असंच झालं होतं, त्याने ओव्हनमध्ये २०० डिग्रीला दहा मिनिटं ठेवलं आणि चालू झालं. ६५०० देण्यापेक्षा करून बघ एकदा.

लष्कर_बेंच
भिया, कृपा करून हे कोणाला सांगू नका, मनापासून सांगतो. आजकालचं बिनशिशाचं सोल्डर २१७ डिग्रीच्या आसपास वितळतं, २०० ला ते वितळतच नाही. चिपच्या आतले जोड गरमीने थोडे हलतात म्हणून काही दिवस चालल्यासारखं वाटतं आणि मग कायमचं बसतं. मधल्या काळात कपॅसिटर फुगतात, प्लॅस्टिकचे सॉकेट वाकतात, आणि त्या धुराच्या ओव्हनमध्ये नंतर घरचं खाणं शिजतं. आणि हिचं कार्ड तर मेलेलंच नाहीये.

ताई, ती साटाची वायर आत्ताच्या आत्ता काढ. एका साटा कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या पिना मिळून ४.५ अँपियरसाठी असतात, म्हणजे ५४ वॅट. ८ पिनचं सॉकेट १५० वॅटपर्यंत मागू शकतं. तुझं कार्ड पूर्ण १२५ वॅटचं आहे, त्यातले थोडे स्लॉटमधून येतात, पण दोन्ही साटा एकाच वायरीवर असतील तर सगळा भार त्या एका बारीक वायरीवर. तपकिरी झालीये म्हणजे ती तापून जळायला लागलीये. ६+२ पिनची (म्हणजे ८ पिनची) वायर स्वतःची असलेला ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस घे, त्या ६५०० पेक्षा कमी पैशात येईल. आणि जुना उघडून बघू नकोस, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ चार्ज राहतो.

दुसरं, जीपीयू आणि हॉटस्पॉटमध्ये २३ डिग्रीचा फरक, साधारण १०-१५ असतो. चिपवरची उष्णता वाहणारी पेस्ट वाळलीये किंवा हीटसिंक (चिप थंड करणारा पत्र्यांचा ठोकळा) नीट बसत नाहीये. आधी धूळ काढ, आकडे सुधारले नाहीत तरच पेस्टला हात लाव.

मांडवी_काका
बेटा, मी बडोद्याचा, इलेक्ट्रिकल मेंटेनन्समधून रिटायर झालो. संगणकातलं मला फार कळत नाही, पण अर्थिंगबद्दल राहवत नाही म्हणून लिहितो. वाड्यात तीन पिनचे सॉकेट असतात आणि मागे दोनच वायरी, असं मी आमच्या मांडवीच्या घरांत शेकडो वेळा पाहिलं. लायसन असलेल्या वायरमनला बोलावून फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजायला सांग, तू स्वतः सॉकेटात काही घालू नकोस. फेज-अर्थ जवळजवळ फेज-न्यूट्रलइतकंच यायला हवं आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. काही लोक सोपं म्हणून सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात, ते अजिबात करू देऊ नकोस. मागे न्यूट्रल तुटला तर अख्ख्या कॅबिनेटवर पूर्ण फेज येतो आणि माणूस जातो. नळाच्या पाइपालाही नको. अंगणात जागा असेल तर मीठ-कोळशाचा खड्डा करून नीट अर्थ घ्या आणि मेनला ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतील, आणि त्या सगळ्यांना झिणझिण्यांची सवय झालीये हे वाचून मला झोप लागली नसती.

रंगपेटी_इंदूर
काका, बाबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं, ते काही न बोलता फोन घेऊन उठले. वायरमन उद्या येतोय.

धूळ काढायला बसले तर पंखा आणि पत्र्यांच्या मध्ये धुळीचा नमदाच झालाय आणि तो गुलाबी आहे! दर रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आमच्या घराजवळून जाते, गुलालाचे ढग वरच्या मजल्यापर्यंत येतात, खिडक्या लावल्या तरी घरात बारीक गुलाल उतरतोच. व्हॅक्यूमने ओढू का? आणि पेस्ट कशी बदलायची, भीती वाटतेय.

लष्कर_बेंच
व्हॅक्यूम नको, त्याच्या नळीवर स्टॅटिक तयार होतं. हाताचा ब्लोअर आणि मऊ ब्रश. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, मोकळा पंखा भन्नाट फिरला की बेअरिंग जातं. गुलाल ओलाव्याने चिकटतो म्हणून पाणी अजिबात नको, ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल, थिनर-पेट्रोल नाही.

पेस्टचं घाबरू नकोस पण घाईही करू नकोस. पाच मिनिटं मशीन चालव म्हणजे जुनी पेस्ट जरा मऊ होते, मग बंद, प्लग बाहेर, कार्ड काढ. स्लॉटच्या टोकाला एक खटका असतो तो दाबल्याशिवाय ओढायचं नाही. कार्ड धरण्याआधी घरातल्या एखाद्या मोठ्या लोखंडी वस्तूला हात लाव. चिपच्या भोवतीचे चार स्प्रिंगचे स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे सैल कर. हीटसिंक सरळ उपटू नकोस, हलकेच डावी-उजवी फिरव, आणि सुटल्यावर झटका देऊ नकोस कारण पंख्याची वायर अजून बोर्डाला जोडलेली असते. आत चिपच्या भोवती सहा मेमरी चिपा दिसतील, त्यांच्यावर उष्णता वाहणारे मऊ पॅड. पॅड अखंड असतील तर तेच राहू दे, फाटला तर त्याच जाडीचा घे. जाडी दबलेल्या भागावर नाही, कडेला मोज. लोक इथेच चुकतात, जाड पॅड टाकतात आणि मग हीटसिंक चिपवर टेकतच नाही. पेस्ट वाटाण्याएवढी घालून पातळ पसरव, स्क्रू परत तिरके आवळ. दर पायरीला फोटो काढ.

रंगपेटी_इंदूर
आठवड्याने लिहितेय. अर्थिंग झालं, अंगणात तुळशीच्या पलीकडे खड्डा केला, आता कॅबिनेटला हात लावला तर काहीच जाणवत नाही, आजीने मुद्दाम चप्पल काढून हात लावून पाहिला (आम्ही ओरडलो). एसएमपीएस सिल्व्हर मॉलमधून ५५० चा आणला. नुसत्या सफाईने हॉटस्पॉट १०७ चा ९८ वर आला, पेस्ट बदलल्यावर ८३, जीपीयू ७१. काल रात्री सलग पाच तास रेंडर चालला, एकदाही काळी नाही. चार व्ह्यू (डिझाइनची चित्रं) झाले, दोन राहिलेत.

एकच, डाव्या पंख्यातून आता घरघर येते, पाती धरून हलवली तर जरा डुलतात. कोणता पंखा मागवायचा?

लष्कर_बेंच
बेअरिंग गेलंय. पंख्याच्या मधल्या गोल स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, दिसत नसेल तर काढून मागे बघ, त्या नंबरचाच घे. नुसता व्यास जुळवून घेऊ नकोस, स्क्रूच्या भोकांचं अंतर आणि पिना वेगळ्या निघतात. तेल घालू नकोस, ते उडून बोर्डावर बसतं. उरलेले दोन व्ह्यू झाल्यावरच उघड, तोवर चालेल, फक्त हॉटस्पॉटवर लक्ष ठेव.