मदत हवी आहे: स्पिटफायरला तीन पात्यांचा प्रॉपेलर, ३एस (तीन सेलची बॅटरी) ठेवू की ४एस (चार सेलची) करू?

साताऱ्यात स्पिटफायर लढाऊ विमानाचं रिमोटवर उडणारं फोमबोर्डचं मॉडेल बांधतोय (काश्मिरात १९४७ ला आपल्या एअर फोर्सने वापरलेलं तेच, म्हणून रंग पण तसलाच द्यायचाय), पंख १२०० मिमी, बॅटरीसकट वजन १४५० ग्रॅम. चाकं नाहीत, माळावर हातानेच फेकणार आणि पोटावर उतरवणार.

मोटर १००० केव्ही (बिनभाराने दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे), ४० अँपचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), ३एस २२०० एमएएचची बॅटरी. दोन पात्यांच्या १०x६ (१० इंच व्यास, ६ इंच पिच म्हणजे एका फेऱ्यात पुढं सरकायचं अंतर) प्रॉपेलरवर वॉटमीटर फुल थ्रॉटलला ३४ अँप दाखवतो, ईएससी गरम होतो पण हात ठेवता येतो. आता दिसायला तीन पाती हवीत, पण १० इंचीच तीन पाती लावली तर ४० च्या वर जाणार हे दिसतंयच, म्हणून ९x६ बघितला, करंट जवळपास तेवढाच आला पण ओढ कमी वाटते आणि हाताने फेकायचं म्हणजे तिथंच तर ओढ लागते ना.

दुसरं, स्पिटफायरचं नाक आखूड, सीजीसाठी (विमानाचा तोल जिथं साधतो तो बिंदू) पुढं ९० ग्रॅम शिसं कोंबलंय. ४एस घेतली तर बॅटरीच पन्नासेक ग्रॅमने जड, तेवढं शिसं निघेल. आहे त्या मोटरवर ४एस लावणार नाही, जळेल. ईएससी ६० चा आणि वेगळा यूबीईसी (सर्वोंना वीज पुरवणारा) घ्यायची तयारी आहे, चार सर्वो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आहेत. मोटर माउंट ३५ मिमीच्या मोटरचा, तो बदलायचा नाही.

तर १० इंची तीन पात्यांसाठी ४एस वर किती केव्हीची मोटर घेऊ, ७५० च्या आसपास बरोबर आहे का, आणि पिच ६ ठेवू की ७?