तळघरातले डस्ट माइट : यंत्र लावूनही दमटपणा हटत नाही

प्रश्न : पायरीखालची_खोली

तळघरात झोपायची आणि अभ्यासाची खोली आहे. 25 चौरस मीटर, जमिनीवर कार्पेट, बाहेरच्या भिंतीला लागून पलंग. त्वचेच्या चाचणीत डस्ट माइटची (धुळीतल्या सूक्ष्म जिवांची) ॲलर्जी निघाली आहे. उन्हाळ्यात हवेची आर्द्रता 66 ते 70 टक्के, तापमान 21-22 अंश. दिवसा खिडकी उघडी असते. 12 लिटरचा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) आणि एअर प्युरिफायर दोन्ही चालू आहेत, पण आकडा 62 च्या खाली येत नाही. माइट मारायचा स्प्रे घ्यावा का? कार्पेट काढावंच लागेल का?

उत्तर : दवबिंदू

स्प्रे राहू द्या, आधी खिडकी बंद करा. बाहेर 30 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो, साधारण 24 अंश येतो. तुमची खोली 22 अंशांवर आहे. म्हणजे खिडकीतून 'मोकळी हवा' नाही, पाणी आत येतंय. यंत्र एका बाजूने उपसतंय आणि खिडकी दुसऱ्या बाजूने भरतेय. जिन्याचं दारही लावून ठेवा.

माइट पाणी पीत नाहीत, हवेतली वाफ अंगात ओढून घेतात. आर्द्रता सतत 50 टक्क्यांच्या खाली राहिली की काही आठवड्यांत ते सुकून मरतात. 'सतत' महत्त्वाचं. रोज काही तास जरी दमट मिळाले तरी ते तग धरतात, म्हणून यंत्र फक्त रात्री लावून भागत नाही. 45 वर सेट करा आणि चालू ठेवा.

दिवसाला 12 लिटर हा आकडा बहुतेक वेळा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. 20 अंशांच्या आसपास त्याच्या निम्मंसुद्धा पाणी निघेलच असं नाही. 20 लिटरच्या वरचं घ्या. बादली भरली की यंत्र बंद पडतं आणि रात्रभर तसंच राहतं, तेव्हा नळी जोडून थेट मोरीत सोडा. नळीला सलग उतार हवा. मध्ये झोळ पडला तर पाणी तिथेच तुंबतं. निचरा वरच्या पातळीला असेल तर साठलेलं पाणी वर चढवणारा छोटा कंडेन्सेट पंप लागेल. थंडीत खोली 15 अंशांच्या खाली जात असेल तर यंत्रातल्या थंड गुंडाळीवर बर्फ धरतो, तिथे डेसिकंट प्रकारचं (ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारं) यंत्र बरं.

उत्तर : कोबा_आणि_ओल

वरचं सगळं मान्य, पण ओल जमिनीतूनच येत असेल तर कितीही मोठं यंत्र पुरणार नाही. कार्पेटचा एक कोपरा उचला, कोरड्या दिसणाऱ्या काँक्रीटवर अर्धा मीटर चौकोनी जाड प्लास्टिक ठेवा, चारी कडा टेपने घट्ट चिकटवा आणि 16 तास तरी तसंच राहू द्या. खालच्या बाजूला थेंब किंवा काँक्रीटवर काळसर डाग आला तर ओल खालून चढतेय. भिंतीच्या तळाशी पांढरा क्षार फुटला असेल तर तोही तोच पुरावा.

मग बाहेर जाऊन बघा. गच्चीच्या पन्हळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडत असेल तर पाइप दोन मीटर तरी लांब न्या. पहिल्या तीन मीटरमध्ये जमीन घराकडून बाहेर 15 सेंटीमीटर उतरली पाहिजे. आतून वॉटरप्रूफ रंग फासण्याआधी हे करा, कारण मागून पाणी येतच राहिलं तर रंगाचे पापुद्रे सुटतात.

आणि हो, कार्पेट काढाच. थंड काँक्रीटला टेकलेल्या तंतूंमध्ये आर्द्रता खोलीतल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त असते. वाफेने कार्पेट धुणारे मशीन तर तळघरात अजिबात नको : वरचे माइट मरतात, पण खालचा थर ओला राहतो.

उत्तर : अभ्रा_साठ_अंश

खोली कोरडी झाली तरी शिंका लगेच थांबणार नाहीत, कारण ॲलर्जी मुख्यतः माइटच्या विष्ठेची असते आणि माइट मेल्यानंतरही ती गादीत पडून असते. ती काढायलाच हवी.

चादरी-अभ्रे आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा. गार पाण्यात ॲलर्जी आणणारा बराच भाग निघून जातो, पण माइट जिवंत राहतात. गरम पाणी न चालणाऱ्या वस्तू पिशवीत बांधून उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये 24 तास ठेवा, जाड उशी असेल तर 48, आणि नंतर धुवा. नुसतं गोठवून परत पलंगावर ठेवलं तर मेलेले माइट आणि विष्ठा जागच्या जागी. गादी-उशांना चेनवाली, सहाही बाजूंनी बंद खोळ घाला. कापडाची छिद्रं 10 मायक्रॉनपेक्षा लहान हवीत. नुसत्या 'अँटी-ॲलर्जी' लेबलवर जाऊ नका. चेनच्या टोकाला फट राहते, तिथे टेप लावा.

व्हॅक्यूमला हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारा) हवा. जिवंत माइट तंतूंना घट्ट धरून बसतात, त्यामुळे व्हॅक्यूमने मुख्यतः विष्ठा आणि कोंडा निघतो. झाडून झाल्यावर ॲलर्जी असलेल्याने अर्धा तास खोलीत येऊ नये. प्युरिफायरकडून फार अपेक्षा नको : हे कण जड असतात, हवेत थोडा वेळच तरंगतात आणि यंत्रापर्यंत पोचण्याआधी खाली बसतात.

पायरीखालची_खोली

खिडकी बंद केली, पन्हळ उद्या बघतो. एक शंका : पलंगामागे भिंतीवर फिकट, मिलिमीटरभराचे किडे चालताना दिसतात. तेच का?

उत्तर : दवबिंदू

नाही. माइट पाव ते तिसरा हिस्सा मिलिमीटर आणि जवळपास पारदर्शक, नुसत्या डोळ्यांना चालताना दिसत नाहीत. तुम्ही बघताय ते बहुधा बुरशीवर जगणारे किडे. म्हणजे पलंगामागे बुरशी आहे आणि तिथे हवा खेळत नाही. हिशेब असा : 22 अंशांना 50 टक्के असलेली हवा 16 अंशांच्या भिंतीला टेकली की तिथली आर्द्रता 73 टक्के होते. पलंग आणि कपाट भिंतीपासून 10 सेंटीमीटर तरी पुढे ओढा आणि हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) टेबलावर नको, तिथे मागे ठेवा.

तो आधी तपासूनही घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी. हे आणि मापक एका हवाबंद पिशवीत 12 तास. आकडा 75 दाखवायला हवा. 80 दाखवला तर रोजच्या वाचनातून 5 वजा करा. स्वस्त मापकांत इतका फरक सर्रास निघतो.

उत्तर : कोबा_आणि_ओल

ओले कपडे तळघरात वाळत घालत असाल तर तेही बंद. एका धुण्यातून दोनेक लिटर पाणी हवेत जातं.