मुंबईसमोर जहाज बुडवायचं तर आधी कोळीवाड्याला विचारा

भंगारात निघालेली जहाजं मुंबईसमोरच बुडवा, सांगाड्याच्या आसऱ्याने मासेही वाढतील आणि डायव्हरही येतील, अशी एक सूचना आहे. तिच्यातला माशांचा भाग पटतो. डायव्हरांचा नाही. इथे भरती-ओहोटीतला फरक उधाणाला साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, खाड्यांचा गाळ सतत ढवळलेला असतो. मी तारकर्लीला डाइव्ह केलं आहे. तिथे दिसतं तसं वरळीसमोर दिसणार नाही.

पण कोणीच न काढलेला मुद्दा डोल जाळ्यांचा आहे. ही जाळी प्रवाहाच्या तोंडाशी एका जागी बांधलेली असतात. जवळ लोखंडी सांगाडा आला की ती अडकून फाटणार, आणि फाटलेलं जाळं तळाशी मासे मारत राहणार. त्यामुळे जागा कोळीवाड्यांना विचारूनच ठरावी.

घाईचा परिणाम फ्लोरिडात दिसला. फोर्ट लॉडरडेलसमोर १९७० च्या दशकात माशांसाठी कृत्रिम प्रवाळ म्हणून सुमारे २० लाख टायर समुद्रात टाकले. बांधलेले पट्टे तुटले आणि सुटे टायर वादळांत खऱ्या प्रवाळावर जाऊन आदळले. ते काढायचं काम कित्येक वर्षं चाललं. जहाजातूनही तेल, वायरी, ॲस्बेस्टॉस आधी काढावंच लागतं, आणि खरा खर्च तिथेच असतो.