दोष ‘आईकडचा’ नव्हे
क्लाइनफेल्टर सिंड्रोम हा पुरुषांमधला जन्मजात गुणसूत्रदोष आईच्या घराण्यातून येतो, असे एका प्रतिसादात म्हटले आहे, ते बरोबर नाही. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची जोडी नीट विलग झाली नाही, तर मुलाच्या पेशींत एक्स गुणसूत्र एक जास्त येते, आणि ही चूक वडिलांकडूनही जवळपास तितक्याच वेळा होते. हॅरी क्लाइनफेल्टर यांनी १९४२ मध्ये लक्षणे नोंदवली, पण कारण उलगडले ते १९५९ मध्ये.

माझ्या चुलतभावाचे निदान लग्नानंतर चार वर्षांनी, मूल होत नाही म्हणून नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यात गेल्यावर झाले. तोवर सगळ्या तपासण्या वहिनीच्याच झाल्या होत्या, हे वेगळे सांगायला नको. अहवालावर ‘४७, एक्सएक्सवाय’ एवढेच लिहिले होते, म्हणजे ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे, त्यांत एक्स दोन आणि वाय एक. उंच बांधा, विरळ मिशी, शाळेत वाचनात थोडा मागे, एवढ्यावरून कोणाला शंका यावी?

यावर उपचार म्हणून टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने सुरू करण्याआधी मात्र अपत्याचा विषय डॉक्टरांशी अवश्य बोलावा, कारण त्या उपचाराने उरलीसुरली शुक्राणूनिर्मितीही दबू शकते, आणि वृषणातून शुक्राणू शोधून काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार त्याआधीच झालेला बरा.