इलेक्ट्रिक स्कूटर परवडते, पण रात्री लावायची कुठे?

घाटपायथा: इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दीड वर्ष झालं. कात्रज ते हिंजवडी, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. बॅटरी ३ युनिटची, भरायला साडेतीन युनिट जातात आणि गाडी ९० किमी पळते. दहा रुपये युनिट धरलं तरी ३५ रुपये झाले. जुनी पेट्रोल स्कूटर लिटरला ४५ द्यायची, म्हणजे तेवढ्याच अंतराला दोनशेच्या वर. तरी लोक अजून ‘बघू, थांबू’ का करतात कळत नाही.

चौथा मजला: तुमचं स्वतःचं घर असणार, म्हणून कळत नाही! आमच्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मागितला तर चेअरमन म्हणाले, “आग लागली तर जबाबदार कोण?” मग बॅटरी काढता येणारी गाडी घेतली. दहा किलोचं धूड रोज रात्री चार जिने वर. लिफ्ट नाही. पेट्रोल वाचलं, कंबर गेली.

सातारकर: +१. शिवाय सरकारचा भरवसा काय? जून २०२३ मध्ये फेम-२ या केंद्राच्या इलेक्ट्रिक वाहन योजनेतल्या दुचाकी अनुदानाची मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ वर आणली. भावाने बुकिंगला आठ दिवस उशीर केला आणि फटका बसला. आणि राज्याचं २०२५ चं धोरण वाचलंत का? अटल सेतू, समृद्धी, एक्स्प्रेस-वे, सगळीकडे इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी. तिथे दुचाकीला मुळात प्रवेशच नाही! आम्ही आपले टाळ्या वाजवायला.

घाटपायथा: अनुदान सोडा हो, मी गणित रोजच्या खर्चाचं मांडलंय.

सातारकर: आणि बॅटरी बदलायची वेळ आली की? ते गणित कुठल्या पानावर?

मीटरवाला: वायरमन आहे, म्हणून बोलतो. चेअरमनची भीती अगदीच खोटी नाही. मागे एकीकडे गेलो तर स्कूटरचा चार्जर एक्स्टेन्शन बोर्डावर, प्लग सैल, सॉकेट वितळून काळं पडलेलं. पण दोष त्या जुगाडाचा. तुमच्याच मीटरवरून पार्किंगपर्यंत वेगळी लाइन ओढा, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) बसवा, अर्थिंग नीट करा. वीज तुमच्या बिलात, सोसायटीला एक पैशाची तोशीस नाही.

घाटपायथा: हे मान्य. माझा पॉइंट दारातच आहे, त्यामुळे हा विचारच केला नव्हता. नसता तर मीही पंपावरच दिसलो असतो.

चौथा मजला: मीटरवाले, चार मजल्यांचा अंदाजे खर्च कळवा. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, आणि चेअरमनच्या मुलाने इलेक्ट्रिक गाडी बुक केल्याचं कानावर आलंय.